बेअरिंगचा स्टॉक पाच महिने, डीमार्टचा एक महिना: ही तुलना कितपत खरी?

वागळे_बेअरिंग (ठाणे)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगतो.

वागळे इस्टेटमध्ये आमचं बेअरिंग, ऑइल सील, व्ही-बेल्ट आणि चेनचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेलं. आता मी आणि धाकटा भाऊ, भागीदारी फर्म. गिऱ्हाईक म्हणजे वागळेतली उरलीसुरली वर्कशॉप आणि जास्त करून टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर रस्त्याचा औद्योगिक पट्टा, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे. केमिकल, फार्मा, रबर, पॅकेजिंग. मेंटेनन्सवाल्याचा फोन येतो, "पंप बसलाय, ६३१० सी३ आहे का, माणूस निघालाय." आहे म्हटलं की भावाची घासाघीस होत नाही. नाही म्हटलं की पुढचा फोन दुसऱ्या दुकानात.

पुतण्या नेरूळला एमबीए करतोय. वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या कंपन्यांचा स्टॉक आणि त्यांची कामगिरी, असा त्याला प्रोजेक्ट मिळालाय. त्याने डीमार्ट, टायटन, मारुती, हिंदुस्तान युनिलिव्हर आणि दोन औषध कंपन्या घेऊन तक्ता केला. शेवटच्या ओळीत, कुणी सांगितलं नसताना, आमचं दुकान घातलं.

आकडे देतो, लपवण्यासारखं त्यात काही नाही. वर्षाची विक्री ३ कोटी ६० लाख, जीएसटी सोडून. ढोबळ नफा २२ टक्के. ३१ मार्चचा स्टॉक १ कोटी ४० लाख. पुतण्याने विक्रीला स्टॉकने भागलं, २.५७ आलं. म्हणजे माल १४२ दिवस पडून. डीमार्टचा महिनाभर. त्याच्या तक्त्यात डीमार्ट हिरवं आणि आम्ही लाल. रात्री जेवताना म्हणतो, "काका, आपला पैसा रॅकवर झोपलाय." भावाने मान डोलावली, ते जास्त लागलं.

मी म्हटलं, अरे बाबा, तूरडाळ संपली तर बाई मूगडाळ घेऊन घरी जाते. ६३१० मागणारा ६३०९ घेऊन जात नाही, आतल्या भोकात पाच मिलिमीटरचा फरक आहे, शाफ्टवर चढणारच नाही. त्यावर त्याचं उत्तर, "हे कारण प्रत्येक दुकानदार देतो."

एक गोष्ट त्याला ठाऊक नाही. मार्चअखेर कंपनीचं वार्षिक टार्गेट पुरं करायला आम्ही सगळे डीलर माल उचलतो, नाहीतर वर्षभराच्या डिस्काउंटची क्रेडिट नोट हातची जाते. त्यातला बराचसा माल एप्रिल-मेमध्ये खपतो. टॅलीतून बारा महिनाअखेरींची सरासरी काढली तर स्टॉक १ कोटी १७ लाख येतो.

त्यातच सीसी (कॅश क्रेडिट) लिमिटचं, म्हणजे मालावर मिळणाऱ्या बँक कर्जाचं, नूतनीकरण आलंय. बँकेत नवीन क्रेडिट ऑफिसर आलेत. म्हणाले, तुमचं होल्डिंग फार आहे, बाकीच्या खात्यांत साठ-सत्तर दिवस असतं. बाकीची खाती कुठली, तर एक किराणा होलसेलर आणि एक मोबाइलवाला.

तर विचारायचं असं की वेगवेगळ्या धंद्यांचा स्टॉक शेजारीशेजारी मांडून कोण चलाख आणि कोण ढिला हे ठरवता येतं का? येत असेल तर कशाला कशाने भागायचं? आणि मी स्वतःला ताडून बघायचं कुणाशी? बेअरिंगवाले एकमेकांना ताळेबंद दाखवत नाहीत हे तुम्हाला सांगायला नको.

ऐरोलीची_सीए

दादा, आधी भागाकार दुरुस्त करू.

स्टॉक तुमच्या वहीत खरेदी किमतीला असतो. विक्रीत तुमचा नफा मिसळलेला असतो. विक्रीला स्टॉकने भागलं की फिरत, म्हणजे वर्षात माल किती वेळा फिरला तो आकडा, उगाच जास्त दिसते. वर विकलेल्या मालाची खरेदी किंमत घ्यायची, तुमच्या बाबतीत २ कोटी ८१ लाख. खाली वर्षाची सरासरी, १ कोटी १७ लाख. उत्तर २.४, म्हणजे १५२ दिवस. पुतण्याच्या आकड्याच्या जवळपास आलं, पण तो योगायोग. विक्री घेतल्याने त्याचे दिवस कमी झाले, मार्चचा फुगलेला स्टॉक घेतल्याने वाढले, दोन्ही एकमेकांत जिरले. दुसऱ्या एखाद्या कंपनीत दोन्ही एकाच बाजूला पडले असते तर तक्ता पार कोसळला असता. पंख्याच्या किंवा छत्र्यांच्या कंपनीचा ३१ मार्चचा स्टॉक बघा, मोसमाच्या तोंडावर गोदाम भरलेलंच असणार.

आता डीमार्ट. कंपनीचं कॉर्पोरेट ऑफिस तुमच्याच वागळे इस्टेटमध्ये आहे, शेजाऱ्याशी तुलना करायला हरकत नाही. त्यांचा ढोबळ नफा विक्रीच्या साधारण १५ टक्के. शंभराची विक्री म्हणजे ८५ चा माल, आणि तो महिनाभराचा धरला तर सात रुपयांचा स्टॉक. सात रुपयांवर वर्षाला पंधरा रुपये ढोबळ नफा, म्हणजे स्टॉकमधल्या एका रुपयामागे दोन. तुमचा ढोबळ नफा ७९ लाख, स्टॉक ११७ लाख, एका रुपयामागे ६८ पैसे. नुसते दिवस मोजण्यापेक्षा हा आकडा बरा, कारण त्यात फिरतही आली आणि मार्जिनही आलं. रिटेलवाले हाच वापरतात.

आता तुम्ही म्हणाल, यातही मी लालच. थांबा. डीमार्टने पहिल्यापासून दुकानांच्या जागा शक्यतो स्वतःच्या मालकीच्या ठेवल्या. त्यांच्या ताळेबंदात मालापेक्षा जमीन आणि इमारतींत अडकलेला पैसा कितीतरी जास्त आहे. तुमचं उलटं, दुकान वडिलांच्या काळातलं, पैसा सगळा रॅकवर. स्टॉकची फिरत या दोघांच्या भांडवलाचा वेगवेगळा तुकडा दाखवते. पूर्ण भांडवलावर किती सुटले ते काढलं की तुम्ही आणि ते एका पंगतीत बसाल, त्याआधी नाही.

टायटनच्या दागिन्यांचं बघा. स्टॉक पाच महिन्यांच्या पुढे जातो, तुमच्यासारखाच, आणि बाजार त्या कंपनीला ढिली म्हणत नाही. कारण सोन्याचा बराचसा भाग बँकेकडून सोन्याच्याच रूपात उधार घेतलेला असतो आणि भाव नंतर ठरतो, त्यामुळे भाव पडण्याचा धोकाही आटोक्यात. शिवाय न खपलेली बांगडी वितळवली तर घडणावळ जाते, सोनं जात नाही. तुमचं सील्ड बेअरिंग वितळवून काय मिळणार? आतलं ग्रीस मात्र काही वर्षांत वाळतं.

मारुतीचा आकडा सगळ्यात फसवा. कंपनीच्या वहीत स्टॉक पंधरवड्याच्या आसपास. म्हणजे गाड्या पंधरा दिवसांत खपतात का? कारखान्यातून गाडी डीलरकडे गेली की कंपनीची विक्री झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये डीलरांच्या संघटनेने, फाडाने, सांगितलं की डीलरांकडे ८० ते ८५ दिवसांच्या प्रवासी गाड्या उभ्या आहेत, ७ लाख ९० हजार गाड्या, ७९ हजार कोटींच्या. सगळ्या कंपन्या मिळून. संघटनेच्या मते २१ दिवस योग्य. तेव्हा कंपन्यांचे ताळेबंद सडपातळच होते, व्याज डीलर भरत होता. दादा, मार्चला तुम्ही टार्गेटसाठी उचलता तो माल याच जातीचा. बेअरिंग कंपनीचा स्टॉक कमी दिसतो कारण तो तुमच्या माळ्यावर आहे.

आणि हिंदुस्तान युनिलिव्हर. तिथे पुरवठादारांचं देणं हे स्टॉक आणि येणं यांच्या बेरजेपेक्षा जास्त असतं. म्हणजे माल पुरवठादाराच्या पैशावर उभा. त्यांनी किती दिवसांचा माल ठेवला यापेक्षा किती दिवसांनी पैसे दिले हे विचारा. छोट्या पुरवठादारांच्या बाबतीत आता त्यालाही लगाम आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च वजावटीत धरत नाहीत, १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४३बी(एच). हे उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही ट्रेडर, तुम्हाला या कलमाचा आधार नाही. म्हणून स्टॉकच्या दिवसांसोबत उधारीचे दिवस आणि देण्याचे दिवसही पुतण्याच्या तक्त्यात घालायला सांगा.

अजून एक. एप्रिल २०२१ पासून कंपन्यांना वार्षिक अहवालात इन्व्हेंटरी टर्नओव्हर धरून ठरावीक गुणोत्तरं द्यावी लागतात आणि मागच्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर कारण लिहावं लागतं. दोन कंपन्यांचे आकडे समोरासमोर ठेवण्यापेक्षा एकाच कंपनीचं ते कारण वाचण्यात प्रोजेक्टला जास्त मार्क मिळतील असं माझं मत.

दाणाबंदर (तुर्भे)

शेठ, तुम्ही क्षेत्राक्षेत्राचं बोलताय, इथे एका मार्केट यार्डात काय चालतं ते ऐका.

हापूसच्या मोसमात फळ बाजारात पहाटे गाड्या लागतात. देवगड-रत्नागिरीची पेटी सकाळी उतरली की दुपारपर्यंत गेली पाहिजे. आता त्या आडत्याचा स्टॉक किती? वहीत शून्य. माल शेतकऱ्याचा, आडत्याची फक्त आडत, पट्टी बनवून पाठवली की संपलं. त्याची फिरत काढायला जाल तर शून्याने भागावं लागेल. एमबीएवाल्यांना सांगा.

आणि मसाला बाजारात सुकी मिरची. गुंटूरकडचा माल उन्हाळ्यापर्यंत येतो आणि कोल्ड स्टोरेजला जातो. पुढच्या हंगामापर्यंत त्यातूनच काढायचं. सात-आठ महिन्यांचा स्टॉक हे तिथे नेहमीचंच. तो ढिला नाही, पीकच वर्षातून एकदा येतं. उलट ज्याने दिवाळीपर्यंतचाच माल ठेवला, तो बाकीचे महिने दुसऱ्याकडून चढ्या भावाने घेतो.

आम्ही डाळवाले मधले. आम्हाला तर स्टॉक किती ठेवायचा हेसुद्धा सरकार सांगतं. २१ जून २०२४ ला तूर आणि चण्यावर मर्यादा आली, ३० सप्टेंबरपर्यंत. घाऊकवाल्याला प्रत्येक डाळीचे २०० टन, किरकोळवाल्याला ५ टन. त्या तीन महिन्यांत आमच्या गल्लीतल्या सगळ्यांची फिरत झकास दिसली असणार. हुशारी कुणाचीच नव्हती. माल बाहेर काढायलाच लागला. पुतण्याच्या हातात त्या वर्षाचा आकडा पडला तर तो आम्हाला हिरवा रंग देईल, घेऊ आम्ही.

रबाळे_स्टोअर्स

मी औषध कंपनीत स्टोअर्सला आहे, इंजेक्शनचा प्लांट. औषध कंपन्यांचा स्टॉक तक्त्यात भरमसाट दिसला असेल, म्हणून थोडं आतलं सांगतो.

कच्चा माल गेटमधून आला की लगेच वापरता येत नाही. पिवळं लेबल, क्वारंटाइन. सॅम्पल जातं, क्यूसी पास करतं, मग हिरवं लेबल. तयार माल झाला तरी तेच. निर्जंतुकतेची चाचणी चौदा दिवसांची असते, जंतू वाढतात का बघायला नमुना तेवढे दिवस उबवावाच लागतो. मॅनेजरने ओरडून तो अकरा दिवसांत होत नाही. म्हणजे कुणी कितीही चपळ असलं तरी इंजेक्शनची बॅच दोन आठवडे पडून राहणार, आणि ताळेबंदात ते दिवस स्टॉक म्हणूनच दिसणार. शेजारच्या प्लांटमध्ये साध्या गोळ्या बनतात, त्यांना ही चाचणी नाही. दोघांनाही तक्त्यात 'फार्मा' लिहिलंय.

त्यात कच्चा माल चीनहून, न्हावाशेवाला उतरणारा. जहाज उशिरा आलं की प्लांट उभा, म्हणून खरेदी विभाग जरा जास्तच मागवतो. आणि जास्त मागवलेलं मुदतबाह्य झालं की दुहेरी मार. मालाचे पैसे जातात ते जातात, नष्ट केलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिटही परत करावं लागतं, जीएसटी कायद्याचं कलम १७(५)(एच). आमच्याकडे मालाची जाळायला रवानगी होते त्या दिवशी अकाउंट्सवाल्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

एक ताजं उदाहरण. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ वर आला. दर कमी होणार याचे संकेत ऑगस्टमध्येच मिळाले होते, निर्णय ३ सप्टेंबरला झाला. मधल्या काळात स्टॉकिस्ट हात आखडून बसले, आमचं गोदाम गच्च. २२ नंतर एकदम ऑर्डरी. बाहेरून आकडे बघणाऱ्याला वाटेल की ऑगस्टमध्ये कंपनी झोपली होती आणि ऑक्टोबरमध्ये नवीन मॅनेजर आला.

वागळेवाल्या भाऊंना एवढंच सांगतो की आमचं मेंटेनन्स खातं आता स्वतः स्पेअर ठेवत नाही. वरून हुकूम आला, इन्व्हेंटरी कमी करा. कमी झाली. ती गेली कुठे, तर भाऊंच्या रॅकवर. आमच्या वार्षिक अहवालात 'स्टोअर्स व स्पेअर्स' घटले म्हणून सादरीकरणात एक स्लाइड होती, टाळ्याही वाजल्या.

उलवे_सेल्स

बिल्डरांना विसरलात. आमच्याकडे न विकलेल्या फ्लॅटलाच इन्व्हेंटरी म्हणतात. पेपरात येते त्यात बांधकाम चालू असलेले फ्लॅटही धरतात आणि ताळेबंदात काम चालू असलेला खर्च, जमीन सगळं येतं, तेव्हा पेपरातला आकडा आणि अहवालातला आकडा जुळवायला जाऊ नका.

उलव्यात अटल सेतू सुरू होईपर्यंत, म्हणजे जानेवारी २०२४ पर्यंत, ज्यांनी काही मजले विकायला काढलेच नाहीत ते नंतर चढ्या भावाने विकून मोकळे झाले. विमानतळाचंही तसंच. पण ओसी, म्हणजे इमारतीचा वापर परवाना, मिळाल्यावर फार थांबताही येत नाही. ज्या आर्थिक वर्षात पूर्णत्वाचा दाखला मिळाला ते संपल्यापासून दोन वर्षं सूट, त्यानंतर रिकाम्या फ्लॅटवर न मिळालेल्या भाड्याचा आयकर. माल जुना झाला म्हणून कर लागणारा धंदा दुसरा कुठला असेल तर सांगा.

नौपाड्याचा_बँकवाला

निवृत्त आहे, चाळीस वर्षं कर्जखात्यात गेली. दुसरी बाजू मांडतो.

अहो, धंद्याधंद्याचा स्टॉक वेगळा असतो हे बँकांना कुणी शिकवायला नको. १९७४ मध्ये रिझर्व्ह बँकेने टंडन समिती नेमली. १९७५ च्या अहवालात तिने पंधरा उद्योगांसाठी वेगवेगळे निकष दिले, कच्चा माल किती महिन्यांचा, अर्धवट किती, तयार किती, उधारी किती. आम्ही ते तक्ते टेबलाच्या काचेखाली ठेवायचो. पुढे नायक समितीने छोट्या उद्योगांसाठी सोपं केलं, अंदाजित उलाढालीच्या २० टक्के कर्ज द्या, धंदा कुठलाही असो. १९९७ नंतर मोठ्या कर्जांसाठीही बँकांना आपापली पद्धत ठरवायची मोकळीक मिळाली. त्यात एक गोष्ट हरवली, ऑफिसरच्या डोक्यातला तो उद्योगवार तक्ता. आता त्याच्यासमोर स्क्रीन असते आणि साठ दिवसांवर गेलं की लाल चौकोन येतो. त्या पोराला दोष देऊ नका.

त्याच्याशी दिवसांवर वाद घालूही नका. त्याला ड्रॉइंग पॉवर कळते, म्हणजे मालाच्या जोरावर किती उचल घेता येते ती मर्यादा, तिथून बोला. स्टॉकमधून न दिलेले क्रेडिटर वजा, उरलेल्यातून बँकेचं मार्जिन कापायचं, बहुधा २५ टक्के, आणि त्यात ठरावीक मुदतीपुढचा जुना माल धरायचा नाही. ती मुदत तुमच्या सँक्शन लेटरमध्ये लिहिलेली असते, ९० असेल किंवा १८०. ते पान काढून वाचा. मग वयवार स्टॉक स्टेटमेंट द्या. सगळा माल एका रकमेत दाखवणाऱ्याचा सगळाच माल आम्ही संशयाने बघायचो. नव्वद दिवसांच्या आतला एवढा, सहा महिन्यांच्या आतला एवढा, वर्षावरचा एवढा, असं स्वतःहून मांडणाऱ्याला लिमिट नाकारलेलं मला आठवत नाही.

स्वतःला कुणाशी ताडायचं याचं उत्तर. सीए ताईंनी मोठ्या कंपन्या सांगितल्या. रिझर्व्ह बँक दर तिमाहीला ऑर्डर, साठा आणि क्षमता-वापर यांची पाहणी छापते, त्यात कच्च्या आणि तयार मालाचं विक्रीशी प्रमाण असतं. पुतण्याला प्रोजेक्टसाठी उपयोगी आहे. पण ती फक्त उत्पादन क्षेत्राची, ट्रेडर तिच्यात नाहीत. तुम्हाला ताडून बघायला तुमचंच मागचं वर्ष आणि तुमचीच एक रॅक शेजारच्या रॅकशी, एवढंच उरतं.

वागळे_बेअरिंग

मंडळी, आभार. रविवारी दुकान बंद ठेवून भाऊ, पुतण्या आणि मी बसलो. बँकवाल्या काकांचं रॅकशी रॅक मनावर घेतलं. टॅलीत आयटमवार मूव्हमेंट काढली आणि १ कोटी १७ लाखांचे तीन ढीग केले.

पहिला ढीग रोजचा माल. ६२०४, ६२०५, ६३०५ सारखी बेअरिंग, नेहमीच्या साइजचे ऑइल सील, बी सेक्शनचे बेल्ट. स्टॉक ३८ लाख. विकलेल्या मालातला १ कोटी ५५ लाखांचा याच्यातला. साधारण तीन महिन्यांत फिरतो. पण प्रत्येक गल्लीत मिळतो, ऑनलाइनही मिळतो, मार्जिन १६ टक्के.

दुसरा ढीग ब्रेकडाउनचा. मोठी ६३ सिरीज सी३ मध्ये, टेपर, पंपांची अँग्युलर कॉन्टॅक्ट, प्लमर ब्लॉक, ठरावीक कंपन्यांच्या ठरावीक मशीनचे सील. स्टॉक ५२ लाख, विकला गेला १ कोटी १६ लाखांचा. फिरायला साडेपाच महिने. मार्जिन मात्र २९ टक्क्यांच्या वर, कारण रबाळेवाले म्हणतात तसं, त्यांच्या प्लांटचं स्टोअर माझ्याकडे आहे.

सीए ताईंचा भागाकार दोन्हींना लावला. पहिल्या ढिगात एका रुपयामागे ७८ पैसे. दुसऱ्यात ९३. पुतण्याने तीनदा तपासलं. जो माल जास्त दिवस पडतो तोच रुपयामागे जास्त देतो. तक्त्यातले रंग त्याने स्वतःच पुसले, मी काही बोललो नाही. भाऊ बोलला, पण ते इथे लिहीत नाही.

तिसरा ढीग २७ लाखांचा. वर्षभरात त्यातला जेमतेम दहा लाखांचा माल गेला, तोही पडेल भावाने, सुटला लाखभर. याच्यात मार्चच्या टार्गेटपायी उचललेल्या न चालणाऱ्या साइज आहेत. एका पेपर मिलवाल्यासाठी ठेवलेली २२२ सिरीजची स्फेरिकल रोलर आहेत, तो कारखाना गुजरातला हलला. आणि इंची मापाची टेपर, ज्या मशीनला लागायची ती बहुतेक भंगारात गेली. पुतण्याचं 'झोपलाय' या ढिगापुरतं शंभर टक्के खरं. हा बाजूला काढला तर उरलेला माल १२१ दिवसांत फिरतो आणि रुपयामागे ८७ पैसे देतो.

ठरवलं ते असं. ब्रेकडाउनचा ढीग कमी करायचा नाही, उलट पहिल्या ढिगातून चार-पाच लाख काढून तिकडे घालायचे, कारण रोजचा माल भिवंडीच्या डेपोतून दुसऱ्या दिवशी येतो, तो मी का साठवू? मार्चला टार्गेटसाठी उचलायचं तर फक्त पहिल्या ढिगातल्या साइज, मग क्रेडिट नोट थोडी कमी बसली तरी चालेल. तो हिशेबही मांडला. मागच्या क्रेडिट नोटची रक्कम त्या पडून राहिलेल्या मालावरच्या दीड वर्षाच्या सीसीच्या व्याजात संपली होती.

सँक्शन लेटरही काढलं. त्यात १८० दिवस लिहिलंय. वयवार स्टेटमेंट करून ऑफिसरना दिलं, तिसरा ढीग वेगळा दाखवून. ड्रॉइंग पॉवर घटली, पण लिमिट आम्ही पूर्ण वापरतच नव्हतो. त्यांनी एकच विचारलं, हा २७ लाखांचा माल किती दिवसांत काढाल? मी म्हटलं, वर्षात निम्मा. आता तो काढायचा आहे.

कंपनी परत घेईना, डीलर पॉलिसीत बसत नाही म्हणे. इथे कुणाला २२२१६, २२२१८ लागत असतील तर सांगा, खरेदी भावाच्या खाली देतो.

रबाळे_स्टोअर्स

२२२१६ सी३ मध्ये आहे का? आमच्या मोठ्या ब्लोअरला तेच बसतं आणि जुनं आवाज करायला लागलंय. बॉक्स न फोडलेला आणि वरचा बॅच नंबर वाचता येणारा असेल तर फोटो टाका. आतलं गंजरोधक तेल वाळलेलं असेल तर मेंटेनन्सवाले परत पाठवतील, आधीच सांगतो. दोन नग घेतो.

पैसे साठ दिवसांनी. तुम्ही ट्रेडर आहात हे आमच्या अकाउंट्सला चांगलं माहीत आहे.